शहाबानोचाचींचा बुधवार

शहाबानोचाचींचा पहिला फोन आला तेव्हा मी पाटसजवळच्या साखर कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीत जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. नंबर अनोळखी होता. पलीकडून ठणठणीत आवाज आला.

"तुम्हीच इंद्रजीत का? निमोण्याचे? तुमच्या मशीनमधनं माल रिजेक्ट निघतोय."

गळिताचा हंगाम चालू होता. मला वाटलं, वजनकाट्याच्या पावत्यांची काही भानगड असेल. "कुठलं मशीन, मावशी?"

"आवो, ते जुन्या अक्षरांचं नवं करायचं. 'पालट'. त्याच्याखाली तुमचा नंबर दिलाय की. कालपातुर झकास चालत होतं. आज सकाळपासनं 'धर्मा'चं 'धमार्' करतंय आन् 'कर्डे'चं 'कडेर्'. चाळीस नावं हातानं नीट केली म्या. समोर गिऱ्हाईक उभं हाय. परतिज्ञापत्रात नाव चुकलं तर त्यानं कुठं जायचं?"

माझा घास हातातच राहिला. काय झालं असेल ते मला तिथंच कळलं होतं.

'पालट' हा मी कॉलेजात असताना लिहिलेला लहानसा प्रोग्राम. निमोण्याच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी कुणीतरी पूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवली होती. नव्या कॉम्प्युटरवर ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. ती यादी वाचता यावी म्हणून मी हे लिहिलं. मग म्हटलं, ही अडचण आपल्या एकट्याची थोडीच आहे? प्रोग्राम इंटरनेटवरच्या एका पानावर, तिथंच चालेल असा, खुला ठेवला. कुणीही फुकट वापरावा, आतून उघडून बघावा, चुकत असेल तर सुधारावा. याला ओपन सोर्स म्हणतात. पुढं डीटीपीवाले तो वापरायला लागले, मग एक साप्ताहिक, बेळगावकडची एक ग्रंथालय संस्था. किती जण वापरतात हे मला नीटसं माहीतही नव्हतं.

असला प्रोग्राम कुणी एकटा उभा करत नाही. माझ्या ओळी हजारभर. त्यांच्याखाली जगभरातल्या लोकांनी लिहिलेले त्रेचाळीस तयार तुकडे. एक फाइल उघडतो, एक अक्षरं सुटी करतो, एक चुका मोजतो. तेही असेच खुले आणि फुकट. या तुकड्यांमध्ये सुधारणा होत राहतात, नव्या आवृत्त्या निघत राहतात. निघाली की एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा कारकून, मला नोटीस धाडतो: अमुक तुकड्याची नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का?

सुरुवातीला मला या नोटिशींचं कौतुक होतं. एकेक उघडून वाचायचो. मग कारखान्यात नोकरी लागली आणि वाचणं मागं पडलं. आठवड्याला तीस-तीस नोटिसा. फोनवर लाल आकडा वाढत वाढत दोनशे शहाऐंशीवर गेला. तो आकडा बघितला की मी फोन उलटा करून ठेवायचो. शेवटी मी बॉटला सांगून टाकलं की तपासणीत पास झालं तर मला विचारू नकोस, आपलं आपण आत घे. तपासणी म्हणजे काय, तर मी कॉलेजात असताना लिहिलेले पंधरा शब्द. नव्या आवृत्तीनं ते पंधरा शब्द बरोबर काढले की झाली पास.

त्या दिवशी अक्षरं सुटी करणाऱ्या तुकड्याची नवी आवृत्ती सकाळी आली, पंधरा शब्दांत पास झाली आणि माझ्या नकळत आत गेली.

मी डबा बाजूला सारला, जुनी आवृत्ती परत बसवली आणि त्याच नंबरावर फोन लावला. "आता बघा."

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, "झालं बरं. कर्डे कर्डे आलं. पन बिघडलं कशानं?"

"एक अपडेट आलं होतं. त्यानं."

"मग ते आत कुणी घेतलं?"

"कुणी नाही. आपोआप गेलं."

"रविवारी शिरूरला येता का? च्या पिऊ. माझं दुकान तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत. मेहक झेरॉक्स. म्या शहाबानो मुलाणी."

रविवारी गेलो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, भिंतीला अर्जांचे नमुने लटकवलेले. चाची पन्नाशीच्या. डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा, आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. ते भिंग बघून मी विचारलं, तेव्हा त्यांची हकीकत कळली.

माहेर केडगावचं. वडिलांचं स्टेशनाबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान. बारावी झाल्यावर लग्न होऊन शिरूरला आल्या. नवरा, सिद्दीकचाचा, एसटीत मेकॅनिक. मुलगी मेहक शाळेत जायला लागल्यावर चाचींनी रांजणगावच्या बाजूला एका कंपनीत नोकरी धरली आणि सतरा वर्षं एकाच टेबलावर काढली. त्या खात्याला 'इनकमिंग' म्हणायचे. बाहेरच्या सप्लायरकडून जे सुटे भाग यायचे ते आधी त्यांच्या टेबलावर. गेज, म्हणजे माप तपासायचं हत्यार, लावायचं, भिंगातून बघायचं, कागद ताडायचा, मगच भाग आत जाणार. कंपनीनं ते काम दुसऱ्या राज्यात हलवलं तेव्हा टेबल गेलं. मग चाची टायपिंग शिकल्या आणि हे दुकान काढलं. भिंग तेवढं तिथून आलेलं. आता त्यानं त्या जुन्या कागदावरचं पुसट टायपिंग वाचायच्या.

"आता सांगा," चहा पुढं ठेवत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं भाग किती येतात?"

"त्रेचाळीस."

"आन् आलेला माल तपासतं कोण?"

"यंत्रच. पंधरा शब्दांवर."

"पंधरा!" त्या हसल्या. चेष्टेनं नाही, मोठं माणूस हसतं तसं. "कुठले?"

मी सांगितले. कमळ, घर, पुस्तक असे. रफार असलेले त्यात दोनच, 'सूर्य' आणि 'वर्ग'. दोन्ही सरळ, वर मात्रा नाही, पुढं काना नाही.

चाचींनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. तिच्यात शब्दच शब्द होते, निळ्या पेनानं ओळीनं लिहिलेले. कर्डे, न्हावरे, धर्मा, म्हाळसा, पृथ्वीराज, कुऱ्हाडे, सुलक्षणा, तऱ्हेवाईक, मार्गांवर. कधी ना कधी ज्या ज्या शब्दानं त्यांना त्रास दिला तो प्रत्येक शब्द त्यांनी टिपून ठेवला होता. चारशेच्या वर.

"हे गेज धरा," त्या म्हणाल्या. "ह्याच्यातनं पास झालं तर माल बरा."

मी ती वही हातात घेऊन बसलो. चार वर्षं मी त्या प्रोग्रामचा मालक म्हणून मिरवत होतो आणि त्याची खरी परीक्षा शिरूरच्या एका खणात पडून होती.

खरं सांगायचं तर मी त्या दिवशी त्यांना दुसरंच काहीतरी सांगायला आलो होतो. 'पालट' बंद करणार होतो. तशी सूचनाही लिहून तयार ठेवली होती. ते सगळं मी त्यांच्यापुढं बोलून गेलो. नोटिसा, लाल आकडा, बॉटचा येणारा राग.

"त्या बॉटवर कशाला चिडता? त्यो गेटवरचा वॉचमन," चाची म्हणाल्या. "गाडी आली एवढी वर्दी द्यायची, ह्ये त्याचं काम. इमानानं करतोय बिचारा. गाडीत काय भरलंय ते त्याला काय ठावं? तुमच्याकडं वॉचमन हाय, इनकमिंगच न्हाई. समदा घोळ त्याचा हाय."

मग त्यांनी मला त्यांच्या खात्याची रीत सांगितली. नट-बोल्ट आणि ब्रेकचा भाग एका नजरेनं तपासत नाहीत. नट-बोल्ट आठवड्याचे एकदम घ्यायचे, त्यातले चार उचलून बघायचे. ब्रेकचा प्रत्येक भाग हातात घेऊन बघायचा. आणि कुठल्या भागात धोका आहे असं सप्लायरनंच कळवलं, तर हातातलं काम टाकून तो आधी.

आम्ही त्रेचाळीस तुकडे एका कागदावर मांडले. चाची एकेकाचं काम विचारायच्या. "ह्यो बिघडला तर गिऱ्हाइकाचं नाव चुकतं का?" चुकत नसेल तर तो नट-बोल्ट. शेवटी ब्रेकच्या रांगेत फक्त तीन राहिले. मी घरी जाऊन बॉटला तसं सांगितलं. चाळीस तुकड्यांच्या नोटिसा एकत्र बांधून आठवड्यातून एकदा, बुधवारी. तीन महत्त्वाच्यांची एकेक स्वतंत्र, आणि ती कधीच आपोआप आत जायची नाही. सुरक्षेची असेल तर लगेच, कुठल्याही दिवशी. चाचींचे चारशे शब्द तपासणीत घातले. पुढच्या आठवड्यात माझ्या फोनवर फक्त पाच नोटिसा होत्या. पाचही मी त्याच रात्री वाचून काढल्या.

बुधवार चाचींनीच मागून घेतला. त्या दिवशी कचेरीत गर्दी कमी असते म्हणून. "तुम्ही थकलायसा," त्या म्हणाल्या. "बुधवार माझ्याकडं द्या. काय अडलं तर फोन करीन."

इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदललं त्याचं टिपण येतं. ते त्या फोनवर मराठीत करून घ्यायच्या. तीन-चार महिन्यांत कुठल्या शब्दाला थांबायचं हे त्यांना मूळ इंग्रजीतच ओळखू यायला लागलं. प्रत्येक नोटिशीखाली त्या मराठीतून शेरा लिहायच्या: 'ओके. शब्द पास.' किंवा, 'होल्ड. अक्षर मोजायची रीत बदलली लिहिलंय. विचारून घ्या.' नवी आवृत्ती आत घ्यायचं बटण मात्र त्या दाबायच्या नाहीत. "सही तुमची. म्या फकस्त तपासणार."

हंगामाच्या ऐन भरात एकदा सोमवारीच त्यांचा फोन आला. सुरक्षेची नोटीस आली होती. मी म्हणालो, संध्याकाळी बघतो.

"संध्याकाळी न्हाई. तोवर कुणी वाईट फाइल घुसवली तर? तुमची च्याची सुट्टी कवा?"

"साडेतीनला."

"मग साडेतीनला."

साडेतीनला मी ते केलं. दहा मिनिटांचं काम होतं.

आता जे सांगायचं आहे ते त्यानंतरच्या पावसाळ्यातलं. अक्षरं सुटी करणारा तो तुकडा, ज्यानं 'कर्डे'चं 'कडेर्' केलं होतं, तो अजून जुन्याच आवृत्तीवर थांबवलेला होता. चूक तो तुकडा लिहिणाऱ्यांची नव्हती, हे मला नंतर कळलं. आधी ते जोडाक्षराचे दोन तुकडे मोजायचे, नव्या नियमाप्रमाणं एक मोजायला लागले. मराठीच्या दृष्टीनं तेच बरोबर. आमचा प्रोग्रामच जुन्या मोजणीवर बेतलेला. मी आमची बाजू दुरुस्त केली आणि नवी आवृत्ती घ्यायला निघालो, तर चाचींचा शेरा: 'होल्ड. सप्लायर बदलला.'

मी फोन केला. त्या म्हणाल्या, "आजवर माल आइनार नावाचा माणूस पाठवायचा. ह्या बारीला नाव दुसरंच हाय. कागद न्हाई, पत्र न्हाई. आमच्याकडं असं झालं तर आधी जुन्या मालकाला फोन जायचा. दुकान इकलं का, का कुणी त्याच्या नावानं माल धाडतंय?"

आइनार म्हणजे नॉर्वेतला कुणी एक. त्याच्या तुकड्यावर माझा प्रोग्राम चार वर्षं उभा होता आणि मी त्याला एक ओळ कधी लिहिली नव्हती. मी म्हणालो, लिहितो, विचारतो.

"लिव्हा. आन् नुसतं विचारू नका. म्हणावं, तुमचा माल लई वर्षं वापरतोय, कवा तक्रार न्हाई. बरे हायसा ना?"

मी तसंच इंग्रजीत लिहिलं, खाली शिरूरचं नाव घालून. बारा दिवसांनी उत्तर आलं. मी मुद्दाम शिरूरला जाऊन ते चाचींना मराठीत वाचून दाखवलं. आइनार संगीत शिकवायचा. त्यानं लिहिलं होतं: हो, मीच काम दुसऱ्याच्या हाती दिलं आहे, माणूस माझ्या माहितीतला आणि चांगला आहे, निर्धास्त घ्या. मी थकलो होतो. रोज तक्रारी यायच्या, कुणीतरी रोज घाई करायचं. अकरा वर्षांत मी बरा आहे का असं विचारणारं हे पहिलंच पत्र. तुमच्या गावाचं नाव मी नकाशावर शोधलं.

चाचींनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सप्लायरकडं कुणी जातच न्हाई रं," त्या म्हणाल्या. मला पहिल्यांदाच एकेरीत बोलत होत्या. "माल खराब आला की फोन. चांगला आला की गप. सतरा वर्षं म्या बी तेच केलं. आन् तुझं तरी काय? तीन वर्षं तुझं मशीन रोज वापरलं. शेकड्यानं कागद काढले. तवा फोन केला न्हाई. पयला केला त्यो रिजेक्टचाच."

मी म्हणालो, "चाची, तो फोन तुम्ही केला नसता तर मी पुढच्या रविवारी 'पालट' बंदच केला असता."

"व्हय, पन तरी."

ती नवी आवृत्ती पुढच्या बुधवारी आत गेली, आणि त्या दिवसापासून एक नवीन काम सुरू झालं. तपासणी संपली की चाची त्रेचाळीसांतला एक जण निवडायच्या आणि त्याच्यासाठी दोन ओळी मला सांगायच्या. मी त्या इंग्रजीत करून पाठवायचो. 'शिरूर नावाच्या गावात तुमच्यामुळं लोकांची नावं कागदावर बरोबर उमटतात. मेहेरबानी.' सगळ्यांना लिहून व्हायला वर्ष सरत आलं. निम्म्यांहून जास्त जणांनी काही कळवलं नाही. काहींनी दोन शब्द लिहिले. एका बाईनं बर्फात बसलेल्या तिच्या कुत्र्याचा फोटो पाठवला, तो चाचींनी अर्जांच्या नमुन्यांशेजारी लावला. आइनारच्या जागी आलेल्या माणसानं विचारलं, तुमचे ते शब्द मला मिळतील का? चाचींनी वही दिली, मी चारशेही शब्द टाइप करून धाडले. त्यानं ते आपल्या तपासणीत घातले. आता तिकडं तो तुकडा बदलायचा म्हटलं तरी आधी न्हावरे आणि कर्डे नीट यावे लागतात.

मी हे सिद्दीकचाचांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तिला बोलू नको. उद्या माझ्या गाडीचे नट मोजायला बसंल." पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तेच ही गोष्ट सांगत होते, हे मला गल्लीतल्या चहावाल्याकडून कळलं.

गेल्या मे महिन्यात माझं लग्न झालं. बायको पूनम दौंडची. पत्रिका अर्थात मेहक झेरॉक्समध्ये टाइप झाली, आणि चाचींनी ती भिंग लावून तीनदा वाचली. पत्रिका घ्यायला गेलो तेव्हा मी लॅपटॉप बरोबर नेला होता. बटण दाबायचा अधिकार मी त्यांच्या नावावर केला आणि त्यांना दाखवला.

"आता सहीही तुमची," मी म्हणालो. "तीन आठवडे मी नाही."

"आरं, चुकलं तर?"

"चुकलं तर जुनी आवृत्ती परत बसवायची. तुमच्या एका फोनवर मी जेवता जेवता बसवली होती. आणि चाची, माझं चुकलं तेव्हा तुम्ही मला चहाला बोलावलंत. बाकी कुणी शिव्याच घातल्या असत्या. तुमच्यामुळं मला आता फोन हातात घ्यायची भीती वाटत नाही. हे मी तुम्हाला कधी बोललो नव्हतो."

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडं ओढला. मग म्हणाल्या, "बटण कुठलं ते परत एकदा दाव. चष्म्यानं नीट दिसंना."

लग्न, जागरण-गोंधळ, जेजुरी, पूनमच्या मामांकडं पाहुणचार. तीन आठवडे मी लॅपटॉप उघडला नाही. कॉलेज सुटल्यापासून असं कधी झालं नव्हतं. पाटसच्या खोलीवर सामान लावून झालं तेव्हा पूनम म्हणाली, "तुमचं काही काम साठलं असेल ना? करा तुम्ही, मी चहा टाकते."

मी उघडलं. तीन आठवड्यांत सोळा नोटिसा आल्या होत्या. चौदा तपासून आत गेल्या होत्या, प्रत्येकीखाली तारीख आणि 'ओके'. दोन थांबवलेल्या होत्या, खाली कारणं मराठीत लिहिलेली. एकीत टिपणच आलं नव्हतं. दुसरीत चारशेतला एक शब्द चुकत होता आणि चाचींनी तो कुठं चुकतो तेही दाखवलं होतं.

दोन्ही कारणं बरोबर होती. मी खाली लिहिलं, 'आभारी आहे, चाची,' आणि पूनमला म्हणालो, "नाही गं, काहीच साठलं नाही. चहा आण, बाहेर बसू."